मेणाने बंद केलेली कुपी

३ फेब्रुवारी

चि. गडबड,

आशीर्वाद. तुझं मागचं पत्र तपासून सोबत परत पाठवते आहे. या वेळी तीनच ठिकाणी लाल पेन्सिल लागली. ‘लवकरच येईन’ असं लिहितेस. लवकरच म्हणजे कधी? तारीख घालावी. ‘तब्येत बरी आहे.’ कुणाची? औषधांच्या दुकानात उभी राहतेस आणि वाक्य असं सैल सोडतेस. गिऱ्हाइकांना ‘थोडंसं घ्या’ असं सांगत नसशील अशी आशा आहे.

आता कामाचं. माझे डोळे खुपतात. सकाळी उठले की पापण्यांखाली कुणीतरी मूठभर वाळू ठेवून गेल्यासारखं वाटतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून थेंबांची बाटली आणली आहे. घातल्यावर पाच मिनिटं बरं वाटतं, मग आग होते, मग पुन्हा घालते. दिवसातून आठ-दहा वेळा होतं. त्या बाटलीत काय घालतात ते तुला माहीत असणार. छापखान्यात मी बत्तीस वर्षं औषधांच्या डब्यातले घडी घातलेले कागद तपासते आहे, पण त्यावर दुष्परिणाम लिहितात, कारणं लिहीत नाहीत.

मला डोळ्यांना सोसणारे थेंब सुचव. दुसरी अट आधीच सांगते. खालच्या मजल्यावरचे सुतार आणि मी दर रविवारी मागच्या ओढ्याच्या काठावर जातो. चिमट्याने प्लास्टिक उचलतो आणि पोतं भरतो. गेल्या रविवारी मला तिथे औषधाच्या रिकाम्या बाटल्या अकरा मिळाल्या. सुतार म्हणाले, “बाई, यातली तुमची कोणती?” थट्टाच होती, पण मला ती बरी वाटली नाही. तेव्हा डोळ्यांना सोसेल आणि ओढ्यालाही सोसेल असं काहीतरी हवं.

डॉक्टरांकडे जा असं लिहू नकोस. जाईन.

तुझी मावशी

१० फेब्रुवारी

ती. मावशी,

नमस्कार. ‘जाईन’ म्हणजे कधी? तारीख घालावी.

मारली एकदाची तुलाही लाल रेघ! आता चिडू नकोस. आज सकाळपासून उभी आहे, पाय लाकडाचे झालेत, आणि पत्र काउंटरवरच लिहितेय, मध्ये मध्ये गिऱ्हाईक.

तुझी बाटली महिनाभर टिकावी म्हणून तिच्यात एक रसायन घालतात. त्याने जंतू मरतात, पण ते डोळ्यालाही झोंबतं. दिवसातून दोन-चार वेळा घालणाऱ्याला बहुधा चालून जातं. तू दहा वेळा घालतेस, म्हणजे आग विझवायला तू रोज थोडी आगच ओततेस. ती बाटली आजच बंद कर.

ते रसायन नसलेले थेंब दोन प्रकारांत मिळतात. एक विशेष बाटली असते, तिच्या तोंडाशी गाळणी असते, त्यामुळे बाहेरचं आत जात नाही. कितीतरी दिवस चालते आणि प्लास्टिकही कमी. तुला तीच हवी. पण आमच्याकडे माल येत नाहीये, वितरक ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतो आणि दर महिन्याला पुढचाच महिना असतो. दुसरा प्रकार म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या छोट्या कुप्या. डोळ्याला उत्तम. ओढ्याला मुळीच नाही. तूर्त त्याच घे, तीस कुप्यांचा डबा सोबत पाठवतेय. दिवसातून चार वेळा घाल. बाकी सगळं आतल्या कागदावर आहे. कागद वाचायला तुला मी काय शिकवणार?

आणि डॉक्टरांकडे जा. नुसते कोरडे डोळे असतील तर ठीक, पण बघायला हवं. मी औषधं विकणारी आहे, मला डोळ्याच्या आतलं दिसत नाही.

तुझी,
गडबड

२१ फेब्रुवारी

चि. गडबड,

आशीर्वाद. डबा सतरा तारखेला मिळाला. थेंब चांगले आहेत. आग नाही. पहिल्या दिवशी तर मी डोळे मिटून नुसती बसून राहिले. किती महिन्यांनी डोळे असल्याचा विसर पडला.

मात्र हिशेब केला. एका वेळेला एक कुपी म्हणजे दिवसाला चार, महिन्याला एकशेवीस. काठावर रविवारी वाकून वाकून जेवढं उचलते त्याहून जास्त मी घरात बसून तयार करणार. शिवाय एका कुपीत आठ-दहा थेंब असतात आणि दोन डोळ्यांना दोनच लागतात. उरलेलं टाकून द्यायचं? मला जमण्यासारखं नाही. मी युक्ती काढली आहे. डबा तुझ्या अंदाजापेक्षा बराच पुरेल.

कागदाचं म्हणशील तर तो मला पाठ आहे.

हात दुखतो म्हणून थोडक्यात लिहिते. अक्षर मोठं आलं आहे, तेही त्यामुळेच. तुझं पत्र परत पाठवते आहे.

तुझी मावशी

२ मार्च

ती. मावशी,

नमस्कार, आणि आधी तुझं अभिनंदन की माझं, ते तूच ठरव. पाकीट उघडलं, माझं पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. एकही लाल खूण नाही! नववीत असताना तू मला सुट्टीतलं पत्र परत पाठवलं होतंस, ते रक्तबंबाळ होतं. मग दहा खुणा, मग तीन, आता शून्य. हे बिनखुणांचं पत्र मी दुकानात रजिस्टरच्या वर भिंतीला चिकटवलंय. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय? मी सांगते, प्रमाणपत्र.

डबा पुरतोय म्हणजे डोळे सुधारले असणार, थेंब कमी लागत असणार. मला फार बरं वाटलं. इथे दुसरं बरं वाटण्यासारखं काही नाही. सोबतची बाई काम सोडून गेली, आता सकाळ-संध्याकाळ मी एकटीच. दिवस संपताना गोळ्यांची नावं डोळ्यांसमोर पोहतात.

गाळणीच्या बाटलीसाठी वितरकाच्या मागे लागलेय. आणि ती युक्ती काय ते सांग, दुसऱ्यांनाही सांगते. कुप्यांच्या कचऱ्याबद्दल कुरकुरणारी तू एकटी नाहीस.

डॉक्टरांची तारीख अजून आलेली नाही.

तुझी,
गडबड

१५ मार्च

चि. गडबड,

आशीर्वाद. पत्र भिंतीला चिकटवायची वस्तू नाही. काढ ते.

युक्ती सांगते. कुपीचं टोक मोडलं की ती उघडी राहते. सुतार लाकडी दारांच्या खाचांना मधमाश्यांचं मेण लावतात, त्यातला सुपारीएवढा गोळा मी मागून घेतला. थेंब घातले की टोकावर मेणाचा कण दाबायचा. पुन्हा घालताना नखाने काढायचा. एक कुपी दोन दिवस जाते, कधी तीन. डब्यात अजून अठरा आहेत. नेत्रबिंदूंच्या कागदांवर ‘उघडल्यापासून तीस दिवसांच्या आत वापरावे’ हे वाक्य मी शेकडो वेळा तपासलं आहे, त्यामुळे काळजीचं कारण नाही. तीस कुठे आणि तीन कुठे.

तू म्हणतेस तसे डोळे सुधारले म्हणायला हरकत नाही. उजवा दोन दिवस लाल आहे आणि उजेड सोसत नाही. बहुतेक काठावरची धूळ गेली. थेंब जास्त वेळा घालते आहे.

छापखान्याचे मालक हल्ली तपासायला प्रुफं कमी पाठवतात. मंदी आहे म्हणतात. मला विश्रांती मिळते, तेव्हा तक्रार नाही.

मावशी

१९ मार्च

ती. मावशी,

तुझं पत्र दुपारी मिळालं. तू फोन उचलत नाहीस, ‘बोललेलं तपासता येत नाही’ म्हणून. तेव्हा सुतारकाकांना फोन केला. ते तुझ्या दारात आले असतील आणि तू त्यांना दाराबाहेर उभं करून ‘उद्या पाहू’ म्हणाली असशील. उद्या नाही. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू डॉक्टरांकडे जाऊन आलेली असायला हवीस. नसशील तर पत्र वाचत बसू नकोस, ऊठ.

आता स्पष्ट लिहिते. या कुप्यांमध्ये जंतू मारणारं काहीच नाही. म्हणून तर त्या झोंबत नाहीत. टोक मोडलं की एका वेळेपुरतं घालायचं आणि उरलेलं फेकायचं. तुझं तीस दिवसांचं वाक्य जुन्या बाटल्यांचं आहे, ज्यांच्यात ते रसायन असतं. यांच्या कागदावर ते वाक्य नाहीच. तिथे नेमकं उलट लिहिलंय, दुसऱ्या ओळीत.

तू तो कागद वाचला नाहीस ना?

मेण, नखं, ओढ्याच्या काठावरून आलेला हात. मावशी, लाल डोळा आणि उजेड न सोसणं ही धूळ नव्हे. एकही थेंब घालू नकोस. उघडलेली कुपी टाकू नकोस, डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा.

गडबड

२७ मार्च

ताईंना नमस्कार,

मी खालच्या मजल्यावरचा सुतार. बाई सांगतात, मी लिहितो. अक्षराला नावं ठेवू नका, माझा हात करवतीचा आहे.

बाई सांगतात: तुझं पत्र मिळालं. वीस तारखेला सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. उजव्या बुबुळावर जखम झाली आहे, जंतूंमुळे. चार दिवस तासातासाला औषध घातलं, आता दोन तासांनी. दुखणं कमी आहे. जखम भरेल, पण डाग राहील. किती दिसेल ते नंतर कळेल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूही आहे, डॉक्टरीणबाई म्हणतात दोन वर्षांपासून असावा. नव्या औषधाची बाटलीही प्लास्टिकचीच आहे. तरी घेतली.

बाई सांगतात, एवढं पुरे, सही कर.

सही करायच्या आधी माझं थोडं. बाई आत औषध घालून डोळे मिटून पडल्या आहेत, म्हणून लिहितो. ताई, मंदीबिंदी काही नाही. जानेवारीत एका लहान मुलांच्या औषधाच्या कागदावर अर्ध्या चमच्याचे पाच चमचे झाले होते. अर्धा आकड्यात ०.५ असा लिहितात ना, त्यातलं आधीचं शून्य आणि टिंब गेलं. बाईंनी तपासून सही केली होती. कागद छापून झाले. घड्या घालणाऱ्या बाईच्या लक्षात आलं म्हणून गठ्ठे छापखान्यातच अडले. मालकांनी एका शब्दाने दुखवलं नाही, नुसतं काम कमी केलं. ते बाईंना जास्त लागलं. मला हे त्यांनी परवा दवाखान्याच्या बाकावर सांगितलं, आणि वर म्हणाल्या, “हे कुठे बोललात तर तुमची माझी ओळख संपली.” तेव्हा आमची ओळख आता तुमच्या हातात आहे.

तुमची पत्रं त्या भर दुपारी खिडकीच्या गजाशी धरून वाचायच्या. मला वाटायचं, उन्हाला बसतात. मी म्हणालोही, “बाई, चष्मा बदला.” तर मला म्हणाल्या, “तुम्ही आधी तुमची करवत बदला.” आणि मेण मीच दिलं. दाराच्या खाचेला लावायचं मेण, ते कशाला हवं हे विचारायला नको होतं का? विचारलं नाही.

सुतार

४ एप्रिल

ती. मावशी,

नमस्कार. सुतारकाका, हे पत्र बाईंना मोठ्याने वाचून दाखवा, आणि एकही वाक्य गाळू नका.

मी शनिवारी, बारा तारखेला, सकाळी पोहोचते. तारीख घातली आहे. दुकान तीन दिवस बंद. दुकानाची मालकीण कुरकुरली, मी तिला म्हटलं, बारा वर्षांत मी आजारीसुद्धा रविवारीच पडले आहे.

मावशी, तुझ्यावर चिडायचं म्हणून कागद घेतला होता. मग भिंतीवरचं माझं पत्र वाचलं. ‘बाकी सगळं आतल्या कागदावर आहे.’ मी रोज दोनशे लोकांना सांगते, कुपी उघडली की वापरून टाकायची. आजोबांना सांगते, शाळेच्या बाईंना सांगते, ऐकू न येणाऱ्याला खुणा करून सांगते. तुला सांगितलं नाही. का, तर तू म्हणशील, ‘मला शिकवतेस?’ पन्नाशीला आले तरी तुझ्या पेन्सिलीला भिते. ज्या एका माणसाला मी तपशील लिहिला नाही ती तू, आणि तपशिलासाठी आयुष्यभर माझ्या मागे लागलीस तीही तूच.

आणि खुणा दहाच्या तीन झाल्या, तिनाच्या शून्य झाल्या, तेव्हा मी प्रमाणपत्र म्हणून मिरवलं. तुला दिसत नाहीये हे समोर लटकत होतं. रोज त्याच्याखाली उभी राहून औषधं विकली.

गाळणीची बाटली आली आहे. डॉक्टरीणबाईंना विचारून, त्या हो म्हणाल्या तरच सुरू करायची. मी घेऊन येते.

ओढ्याचंही लिहिते, नाहीतर तू विचारशीलच. रिकाम्या कुप्या आणि मुदत संपलेली औषधं टाकायला काउंटरवर एक खोकं ठेवलंय. चार दिवसांत निम्मं भरलं. ते पुढे कुणाला द्यायचं हे अजून मला कुणी धड सांगितलेलं नाही. तीन ठिकाणी विचारलं, तिघांनी चौथ्याचा नंबर दिला. पण निदान ते एका जागी आहे.

गडबड

२२ मे

चि. गडबड,

आशीर्वाद. हे मी स्वतः लिहिते आहे. डावा डोळा आणि सुतारांनी लाकडी चौकटीत बसवून दिलेलं भिंग, यांच्या जोरावर. एका पानाला अर्धी सकाळ जाते. घाई कुणाला आहे?

तू आलीस, तीन दिवस राहिलीस, घड्याळ लावून थेंब घातलेस. तेव्हा मी फार बोलले नाही. दमले होते. बत्तीस वर्षं अक्षरं पाहून माणूस दमतो हे मला माहीत नव्हतं, कारण थांबले नव्हते.

जखम भरली. उजव्या डोळ्यासमोर ओला कागद धरल्यासारखं दिसतं, आणि ते तसंच राहील. डाव्याचा मोतीबिंदू नऊ जूनला काढायचा ठरला आहे. तारीख घातली आहे.

छापखान्याचं काम मी सोडलं. मालकांकडे स्वतः गेले आणि सांगितलं की जानेवारीतला तो कागद मला दिसला नव्हता, आणि दिसत नाही हे मला ठाऊक होतं. ते म्हणाले, “बाई, मला कल्पना होती.” म्हणजे सगळ्यांना कल्पना होती. सुतारांनीही तुला कळवलं होतं, ते तू सांगितलं नाहीस, पण तुझ्या तोंडावर दिसलं. मी त्यांची ओळख संपवणार होते. पण भिंगाची चौकट चांगली झाली आहे.

तू आणलेली गाळणीची बाटली सोसते. उघडल्यावर तीन महिने चालते असं तिच्या कागदावर आहे. हे मी पाठ केलेलं नाही. सुतारांकडून दोनदा वाचून घेतलं आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवली.

अंथरुणावर पडल्या पडल्या बराच विचार केला. माझ्या एकशेवीस कुप्यांनी ओढा बुडणार नव्हता, आणि मी त्या वाचवल्या म्हणून तो स्वच्छही झाला नाही. परवा सुतार जाऊन आले, पोतं तेवढंच भरलं म्हणाले. म्हणून कुप्या ओढ्यात टाकाव्यात असं मी म्हणत नाही. माझ्या डब्यातल्या उरलेल्या आणि वापरलेल्या सगळ्या पत्र्याच्या डब्यात भरून तुझ्या खोक्यासाठी पाठवते आहे. तुझा चौथा नंबर लागला का ते कळव. नसेल तर त्या तिघांची नावं मला दे. पत्रं लिहायला आता माझ्याकडे वेळ आहे, आणि मी उत्तर येईपर्यंत लिहिते.

खरं सांगायचं तर ती मेणाची युक्ती मी ओढ्यासाठी तेवढी केली नाही जेवढी हट्टासाठी केली. कागद उघडला होता. राखाडी रेघा दिसल्या. घडी घालून परत ठेवला आणि तुला ‘पाठ आहे’ असं लिहिलं.

तुझं फेब्रुवारीचं पत्र अजून दुकानात भिंतीवर आहे हे मला माहीत आहे. काढ म्हटलं तरी तू काढत नाहीस. आता काढ. ‘बाकी सगळं आतल्या कागदावर आहे’ या वाक्याखाली लाल रेघ मार आणि समासात लिही: सगळं म्हणजे काय? मग माझं एकवीस फेब्रुवारीचं पत्र शोध. ‘कागद मला पाठ आहे’ याखाली दोन रेघा मार. दोन्ही पत्रं शेजारी शेजारी लाव. गिऱ्हाइकांनी विचारलं तर काय झालं ते सांग, पण ‘माझी मावशी’ म्हण, उगाच ‘एक बाई’ म्हणू नकोस.

पेन्सिल सोबत पाठवली आहे. टोक करून दिलं आहे.

तुझी मावशी